सुपारी की केळी

दवाखान्याच्या फॉर्मवर मी माझं नाव लिहिलं. बाबांनी ताईचं सांगितलं होतं. चूक तिथेच झाली आणि ती माझीच.

श्रीवर्धनहून त्यांना अलिबागला आणून दाखल केलं, तेव्हा सिस्टरनी विचारलं, पेशंटबद्दल काही ठरवायची वेळ आली तर कोणाला विचारायचं? बाबा खाटेवरून म्हणाले, "लेकीला विचारा. तिला खोटं बोलता येत न्हाय." सिस्टर हसल्या आणि फॉर्म माझ्या हातात दिला. मुलगा समोर उभा असताना सासरी गेलेल्या बहिणीचं नाव घालायचं, हे मला कमीपणाचं वाटलं.

त्यामुळे तपासण्यांचा निकाल डॉक्टरांनी मलाच सांगितला. पोटातली गाठ पसरली होती. फार तर वर्षभर. ऑपरेशनने थोडा वेळ वाढेल, म्हणाले. मी होकार दिला, आणि बाबांना काही सांगू नका म्हणून हात जोडले. त्यांना म्हटलं, आतड्याला सूज आहे, लहानसं ऑपरेशन करायचंय. ताईला फोनवर खरं सांगितलं आणि गप्प राहायची शपथ घातली.

मग मला खाटेजवळ बसवेना. उगाच चहाला जायचो, औषधांच्या दुकानापर्यंत जायचो, रिकाम्या हाताने परत यायचो. बाबा बघत असायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "वाडीत वादळाने पाडलेल्या सुपाऱ्यांची जागा मोकळी हाय. काय लावू तिथं, सुपारी की केळी?"

केळ वर्षभरात घड देते. सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात. प्रश्न वाडीचा नाही, हे मला कळलं होतं.

"सुपारी लावा," मी म्हणालो.

"तुझ्या ताईला बोलव," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती सासरहून मांडव्याच्या बोटीने आली. बाबांनी तिलाही तेच विचारलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे वळलो.

"केळी लावा, बाबा. आणि लवकर लावा."

 बाबा म्हणाले, ऑपरेशन नको, घरी चला. आणि माझ्याकडे बोट दाखवून ताईला म्हणाले, "हा सुपारी म्हणाला, तेव्हाच समजलो, काय तरी मोठं हाय." ताई रडता रडता हसली.

मी फॉर्म मागून घेतला, माझं नाव खोडलं, तिचं लिहिलं. परत आलो आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा त्यांच्या खाटेवर टेकलो.

"बाबा, तुम्ही काय विचारत होतात ते मला कळलं होतं. मी भ्यालो. चुकलो मी, माफ करा."