झेंडूच्या हाराखाली जळालेला प्लग

मंडळी, आज सकाळी खालापूरजवळच्या एका रिसॉर्टवर गेलो होतो. तिथल्या तळ्यात जेवणाची बोट आहे. तिचे दिवे आणि फ्रिज धक्क्यावरच्या प्लगवर चालतात. तो जळाला म्हणून मला, वायरमनला, बोलावलं.

पाहतो तर दसऱ्याच्या पूजेचा हार अजून सॉकेटवर होता. त्यात अडकून झाकण बंदच होत नव्हतं. आत परतीच्या पावसाचं पाणी, हळदकुंकवाचा चिखल, पिना काळ्या आणि प्लग वितळलेला.

बोट चालवणारा नामदेव म्हणाला, "ओल्या हातानं प्लग काढाया गेलो, तर खांद्यापर्यंत झटका बसला."

मॅनेजर आमच्याच गावचा. त्याला विचारलं, "हार काढायला काय झालं होतं रं?"

"दादा, देवाचा हार हाय. कसा काढू?"

"मग झाकण कोण लावणार, देव?"

"तुमी रोज देवळात जाता नि असं बोलता?"

रोज जातो म्हणूनच बोलतो. निर्माल्य दुसऱ्या दिवशी उतरवायचं असतं, एवढं ज्याला ठाऊक नाही, त्यानं मला भक्ती शिकवावी? आळशी माणसाला देव फार सोयीचा पडतो. नामदेव गेला असता, तरी हा म्हणाला असता, देवाची मर्जी.

नवा प्लग बसवला. मेन स्विच बंद केल्याशिवाय प्लगला हात लावायचा नाही, झाकण उघडं ठेवायचं नाही, हे दोघांनाही बजावलं.

निघताना मॅनेजर नव्या प्लगला लिंबू-मिरची बांधत होता. नामदेवनं ती सोडली आणि झाकण लावलं.

तुमच्या पंपावर, गिरणीवर दसऱ्याचा हार अजून आहे का? जाऊन बघा.