मास्तरांच्या गळ्याचं माप

मास्तरांनी शिंपीकामात जन्मभर लोकांच्या माना बघितल्या. जाड, बारीक, ताठ, एका खांद्याकडे कललेल्या. गिऱ्हाईक आलं की टेप गळ्याभोवती फिरवायची, टेपेच्या आत दोन बोटं सरकवायची, मग आकडा वहीत लिहायचा. ती दोन बोटांची मोकळीक राहिली नाही तर माणूस दिवसभर कोंबड्यासारखी मान करत हिंडतो. मास्तरांची स्वतःची मान मात्र कुणी बघितली नव्हती. बघणार कोण? बायको जाऊन चौदा वर्षं झालेली, मूलबाळ नाही, आणि गिऱ्हाइकाचे डोळे कायम आरशात.

एका परीने ते त्यांच्या पथ्यावरच पडलं. कारण मानेच्या उजव्या अंगाला कॉलरच्या आत एक गाठ होती. आधी वाटाण्याएवढी, मग सुपारीएवढी. दुखायची नाही, पण दाबली की खांद्यातून थेट अंगठ्यापर्यंत झिणझिण्या. डॉक्टरकडे जावं की नाही? मास्तरांनी त्यावर शिंप्याचा इलाज काढला. पुढच्या सदऱ्याची कॉलर जराशी उंच केली. दोन वर्षांनी आणखी जराशी. गाठ वाढे तशी कॉलर वाढे.

दुकानात मागे बसून काजं करणारी बाई होती, तोंडाची फटकळ. ती म्हणायची, “मास्तर, अजून दोन सदरे शिवलेत ना, की कॉलरमधून नुसते डोळे दिसतील तुमचे!”

“तू काजाकडे बघ,” मास्तर म्हणायचे. विषय तिथेच मिटायचा.

मग एक दिवस कोटाची बाही कापताना उजव्या हातातून कात्री सटकली. भलत्याच जागी तिरका काप गेला. मास्तरांनी गिऱ्हाइकाला नवं कापड आणून दिलं, दोन हात जोडले, प्रकरण निभावलं. पण दुपारी टाचणी उचलायला गेले तर अंगठा आणि बोट एकमेकांशी ओळख नसल्यासारखे वागायला लागले. तेव्हा मात्र त्यांनी दवाखाना गाठायचं ठरवलं. घरी जाऊन भिंतींशी बोलणारा माणूस तो. त्याला माणसं भेटायची ती या कात्रीमुळे. हात गेला की दुकान गेलं, आणि दुकान गेलं की सकाळी दार उघडून जायचं कुठे?

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई वयाने लहान, बोलायला सरळ. त्यांनी गाठ चाचपली, अंगठा ओढून बघितला आणि विचारलं, “किती वर्षांची आहे?”

“असेल बरीच.”

“बरीच म्हणजे? भराभर वाढली की सावकाश, ते मला कळायला हवं.”

दुसऱ्या दिवशी मास्तर कागदांची गुंडाळी घेऊन गेले. प्रत्येक सदऱ्याच्या कॉलरच्या मापाने कापलेला कागद ते जपून ठेवत, कोपऱ्यात साल लिहून. सहा कागद त्यांनी एकावर एक टेबलावर मांडले. बाईंनी मोजपट्टी लावली. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत अकरा वर्षं, आणि वाढ पाऊण बोटाची.

“असा रिपोर्ट मी पहिल्यांदाच बघतेय,” बाई हसून म्हणाल्या. मग त्यांचा आवाज खाली आला. “पण अकरा वर्षांत घरात कुणाच्या लक्षात नाही आलं?”

मास्तर कागद गुंडाळायला लागले. “कॉलर चांगली बसत होती,” म्हणाले.

यंत्रात घालून फोटो काढला, सुई टोचून तपासलं. सगळं त्या कागदांसारखंच निघालं. गाठ साधी, कॅन्सर नाही. हाताकडे जाणाऱ्या नसेच्या आवरणातून वाढलेली. ठेवली तर हात हळूहळू कमजोर होणार. काढली तर बहुतेक वेळा नस वाचते, पण खात्री कुणी देत नाही.

मास्तरांनी एकच विचारलं, “कापणार की उसवणार?”

बाई म्हणाल्या, “उसवणार. वरचं आवरण उभं चिरायचं आणि गाठ आतून सोडवायची. नसेच्या एकेका धाग्याला बारीक वीज लावून बघते मी. हात हलला तर त्या धाग्याला हात लावत नाही. पण एखादा धागा गाठीतच गुंतलेला असेल, तर तो जाईल.”

“उसवताना घाई नको,” मास्तर म्हणाले.

ऑपरेशनच्या फॉर्मवर जवळच्या माणसाची सही हवी होती. काजवाली आली. ‘रुग्णाशी नातं’ या रकान्यापाशी अडली, पेन चावलं आणि लिहून टाकलं, ‘काजं-बटणं’. नर्सने दोनदा वाचलं, पण खोडलं नाही.

शुद्धीवर आले तेव्हा मानेला पट्टी, घशाला कोरड. बाई म्हणाल्या, “अंगठा उचला.” मास्तरांनी हाताकडे बघितलंच नाही, छताकडे बघत बसले. “उचलला की!” बाईच म्हणाल्या. अंगठा हलत होता. शेजारच्या बोटाचं टोक मात्र बधिर, दुसऱ्या कुणाचं आणून लावल्यासारखं. एक धागा गाठीबरोबर गेला होता. बोटांत जोर यायला वेळ लागेल, सराव करा, असं सांगून त्यांनी घरी पाठवलं.

घरी दोन वाट्या घेतल्या. एका वाटीतली बटणं चिमटीने उचलून दुसऱ्या वाटीत टाकायची. निम्मी खाली पडत, घरंगळत खाटेखाली जात. मास्तर मान न वाकवता गुडघ्यावर बसत आणि एकेक शोधून काढत. खोलीत बटणांचाच काय तो आवाज. काजवाली दिवसाआड भाजी ठेवून जायची, पण तिलाही घर होतं, ती दारातूनच वळायची. ती गेली की मास्तर मोठ्याने बटणं मोजायचे. कुणी ऐकत नसतानासुद्धा चुकलं की परत पहिल्यापासून.

सातव्या आठवड्यात एकही बटण पडलं नाही. त्या सकाळी त्यांनी दुकान उघडलं, चिंधीवर खडूने रेघ मारली आणि कात्री चालवली. सावकाश, पण रेघ धरून शेवटपर्यंत. काजवाली सुई धरून बघत होती. “चालतंय की!” एवढंच म्हणाली आणि दोरा ओवायला खाली बघितलं.

मास्तरांनी फळीवरून सदऱ्याचं कापड काढलं. “माझाच शिवतो. कॉलर साधी.”

“आणि मानेवरचा वण दिसेल तो?”

“दिसू दे.”

पण जुने कागद सगळे गाठीच्या हिशेबाचे, आणि स्वतःच्या गळ्याचं माप शिंप्याला धड घेता येत नाही. मास्तरांनी टेप तिच्यापुढे धरली. ती कचरली, मग उठून मागे उभी राहिली. टेप वणावरून अलगद फिरवली.

“दोन बोटं घाल आत.”

तिने घातली. काजं करून करून खरखरीत झालेली बोटं, गार.

“साडेचौदा.”

“परत बघ.”

“आकडा वाचता येतो मला, मास्तर.”

“येतो ना. तरी परत बघ.”

तिने टेप सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून फिरवली.