वेखंडाची पूड

डॉ. विजया लोंढे दुपारी खुर्चीतच पेंगते आहे. काचेपलीकडच्या पेटीत आठ दिवसांचं बाळ तापानं निपचित पडलंय. त्याच्या रक्ताच्या तपासणीत उगवलाय मातीतला जंतू. लॅबवाले म्हणतात, बाहेरून नमुन्यात पडला असेल. एवढ्याशा बाळाच्या रक्तात हा क्वचितच सापडतो. सोडून द्यावं आणि तो खरा निघाला, तर बाळ हातचं जायचं. खरा धरावा, तर जालीम औषध त्या कोवळ्या मूत्रपिंडांना सोसायचं कसं? नाळेला काही लावलं का, विचारलं तर घरचे एका सुरात ‘नाही’ म्हणाले. बाळाच्या आजीनं मघाशी आपल्या पदरासकट विजयाचा हात गच्च धरला होता, “वाचवा हो बाई!”

डोळे मिटतात.

पायाखालची फरशी सारवलेली जमीन होते. समोर आई खलात वेखंड कुटतेय. तिला जाऊन बरीच वर्षं झाली, पण हाताची लय तीच आहे.

“हे कुणाला गं?”

“बेंबीला लावाय. तुझ्या बी लावलं हुतं. झालीस की टुणटुणीत!”

“आणि दादाला?”

खल थांबतो. आता त्या दोघी वॉर्डातल्या बेसिनपाशी उभ्या आहेत आणि त्याचं कुणालाच नवल वाटत नाही. विजयाच्या आधीचा भाऊ बारशाआधीच तापानं गेला. त्याला नावसुद्धा मिळालं नाही.

“त्याला बी लावलं हुतं,” आई म्हणते. “ईजे, तू डाक्टर हायस. माझ्या हातनं गेला का गं त्यो?”

विजयाचा जीव कळवळतो. खोटं बोलवत नाही, आणि खरं तिलाही ठाऊक नाही.

“तू मायेनंच लावलंस, आई.”

“डाक्टरानं इचारलं तवा म्या न्हाई म्हटलं,” आई हळूच सांगते. “लई वरडत हुता गं त्यो डाक्टर.”

विजया जागी होते ती उग्र वासानं. तळहाताच्या रेषांत भुरकट पूड बसलीय. ती हात नाकाशी नेते. वेखंडच. मातीतलं मूळ.

बाहेर बाकावर आजी बसलीय. विजया तिच्या शेजारी टेकते.

“आजी, माझ्या आईनंही माझ्या बेंबीला वेखंड लावलं होतं. मी कुणाला रागावणार नाही. औषध लगेच सुरू करते, फक्त सांगा.”

आजी मान खाली घालते. मग पदराची भुरकट डाग पडलेली गाठ सोडायला लागते.