काचेपलीकडचं हॉलंड

डब्लिनहून पहाटे निघालो, तेव्हा आबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून मागच्या सीटवर ताठ बसले होते, लग्नाला निघाल्यासारखे. आमचं डब्लिन ओहायोतलं. निघालो होतो मिशिगनमधल्या हॉलंड नावाच्या गावी. पूर्वी युरोपातल्या हॉलंडहून आलेल्या लोकांनी वसवलेलं हे गाव.

आबांची उभी हयात तळेगावजवळच्या पॉलिहाऊसमध्ये जरबेराची फुलं काढण्यात गेली. रोपं हॉलंडहून यायची आणि खोक्यांवर पवनचक्कीचं चित्र असायचं. त्या मजुरीवर मी इंजिनिअर झालो, आमच्या घरातला पहिला पदवीधर. ती पवनचक्की त्यांना दाखवायची, हे पहिल्या पगारापासून मनात होतं. पण माझ्या पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलाय. अमेरिकेबाहेर पडलो तर नवा मिळेपर्यंत परतता येत नाही, आणि तो कधी मिळेल याचा भरवसा नाही. इकडे येताना आई-आबांचं विमान ॲमस्टरडॅमला थांबलं होतं, पण त्यांना विमानतळाबाहेर पडता येत नव्हतं. काचेतून काय दिसलं, असं विचारलं तर आबा एवढंच म्हणाले, "पाऊस होता."

आता त्यांच्या परतीला आठवडा उरला होता.

वाटेत हायवेलगतच्या थांब्यावर बाकावर बसून आईने आणलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. दुपारी हॉलंडला पोचलो. कालवा, त्यावरचा पांढरा उचलता पूल आणि पलीकडे ट्यूलिपचे वाफे. मला रजा उशिरा मिळाली होती. बहर ओसरला होता, बऱ्याच देठांवर फूलच नव्हतं. मी खट्टू झालो.

"जन्मभर फुलांत राबले हे," आई म्हणाली, "आणि सुट्टीत तू यांना शेतावरच आणलंस."

आबांचं लक्ष पवनचक्कीकडे होतं. ही नक्कल नव्हे. मूळ हॉलंडमधली जुनी चक्की सुटी करून जहाजाने इथे आणलेली आहे. अजूनही तिच्यावर गहू दळतात. दाराशी पांढरी टोपी आणि क्लॉम्पेन (लाकडी बूट) घातलेल्या एक आजी माहिती सांगत होत्या. आत पीठ पडतं म्हटल्यावर आबांनी उंबऱ्याबाहेर बूट काढले. अन्नावर पाय पडू नये म्हणून. मी ओशाळून आजींना कारण सांगितलं. त्या हसल्या. म्हणाल्या, त्यांच्या आजीच्या घरीही क्लॉम्पेन दाराबाहेरच राहायचे. जिन्यावर मात्र बूट लागतात, म्हणून आबांनी ते पुन्हा चढवले.

वरून उतरल्यावर आबा मला म्हणाले, "ताईंना विचार, तिकडं गाव कोणतं त्यांचं?"

आजींनी गावाचं नाव सांगितलं. ते पणजोबांचं. त्या स्वतः कधीच गेल्या नव्हत्या. आधी मुलं लहान होती, मग नवऱ्याचं आजारपण आलं, आता गुडघे. मग त्यांनी आम्हाला विचारलं, "तुम्ही गेलाय?"

मी नाही म्हणणार, तेवढ्यात आबांनी माझा दंड धरला. "सांग, मी गेलोय."

आबा सांगत गेले आणि मी इंग्रजीत सांगत राहिलो. बारीक पाऊस होता. जमीन ताटासारखी सपाट आणि हिरवी. लांबवर पाण्याची पट्टी, तिच्या कडेने एक माणूस सायकलवरून चाललेला, एका हातात छत्री. वाऱ्याने छत्री उलटी झाली तरी तो थांबला नाही.

विमानतळाच्या काचेतून दिसलेल्या यातलं एक अक्षरही त्यांनी मला सांगितलं नव्हतं. त्यांना तिथे नेता येत नाही याचं मला वाईट वाटू नये म्हणून गिळून टाकलं होतं.

आजी डोळे मिटून ऐकत होत्या. परतीचं विमानही तिथेच थांबणार, असं मी शेवटी सांगितलं. "जाताना पुन्हा बघा," त्या म्हणाल्या, "माझ्या वाटचंही."

संध्याकाळी समुद्रासारख्या अथांग सरोवराकाठचा लाल दीपस्तंभ पाहिला. हे गोडं पाणी आहे यावर आईचा विश्वास बसेना, तिने बोट बुडवून चाखलं. गावात बँकेट (बदामाचं सारण भरलेली लांबट पेस्ट्री) खाल्ली, चक्कीवरचं पीठ घेतलं. दुसऱ्या दिवशी आईने त्याच्या पोळ्या केल्या. आबांनी एक जास्त खाल्ली.

आठवड्याने ॲमस्टरडॅमहून व्हिडिओ कॉल आला. आबांनी फोन काचेला लावला होता. विमानांच्या पलीकडे हिरवी रेघ दिसत होती.

"आज ऊन पडलंय," ते म्हणाले. "त्या ताईंना कळव."

त्यांचा नंबर माझ्याकडे नाही. येत्या वसंतात पुन्हा गाडी काढून सांगायला जाईन. सध्या मला हॉलंडच्या तेवढंच जवळ जाता येतं, आणि आबांच्याही.