रिंग मोठी हवी

मोबाइलच्या दुकानात माझ्या पुढे एक पन्नाशीचा गृहस्थ म्हाताऱ्या आईसाठी फोन बघत होता. शेजारी उभ्या आईचं मागणं एवढंच, "रिंग मोठी वाजू दे रे. मागच्या दारी भांडी घासताना ऐकू आली पाहिजे." तो मात्र कॅमेऱ्याचीच चौकशी करत होता. शेवटी त्याने एक फोन पसंत केला, सिम घालून घेतलं आणि तिथेच आपल्या फोनवरून रिंग देऊन पाहिली. फोन खणखणला. म्हातारीचा चेहरा उजळला. दोन्ही हातांनी फोन कानाला लावत ती म्हणाली, "हॅलो, बाळा, जेवलास का?"

तो हातभर अंतरावर उभा होता. "चालतोय," असं सेल्समनला सांगून त्याने फोन कट केला. ती तशीच, फोन कानाशी धरून, उत्तराची वाट बघत राहिली.

दुकानदार निदान विचारतो तरी, कशासाठी हवाय म्हणून. आपण घरच्या माणसांना तेवढंही विचारत नाही. गरज त्यांची, निवड आपली, वर उपकार केल्याचा आव. मला त्या माणसाची शिसारी आली.

तेवढ्यात माझ्या खिशातला फोन वाजला. आईचा होता. मी तो कट केला आणि सेल्समनला म्हणालो, "जरा चांगला कॅमेरा असलेला दाखवा."