ओटीपी साताऱ्याला जातो

जुलै महिना आला की माझ्या विश्रामबागच्या ऑफिसात पाय ठेवायला जागा नसते आणि मला जेवायची शुद्ध नसते. लोकांची इन्कम टॅक्सची रिटर्न भरून देणं हा माझा धंदा. सुरुवातीला कपाटातला बायकांच्या फायलींचा कप्पा जवळजवळ रिकामा असायचा. चार शिक्षिका आणि पेन्शनवाल्या, संपलं. आता तो पुरुषांच्या कप्प्याएवढा भरलाय. भेटेल तो म्हणतो, बघा, बायका किती पुढं गेल्या! मी मान डोलावते. वाद घालायचं त्राण उरलेलं नाही.

खरं तर रिटर्न बाईचं असलं तरी ते पक्कं करायचा ओटीपी नवऱ्याच्या फोनवर जातो. आधार कार्ड काढताना घरात मोबाईल एकच होता, तोच नंबर सगळ्यांना चिकटला. म्हणून बाईचं रिटर्न भरायचं म्हणजे नवऱ्याला फोन लावायचा. कुणी उसाला पाणी पाजत असतो, कुणी गाडीवर असतो. "थांबा म्याडम, चष्मा घिऊन येतो." बाईशी बोलायची वेळच येत नाही.

यंदा मिरजेच्या एका दवाखान्यातली नर्स रात्रपाळी करून थेट माझ्याकडे आली. तिचा नवरा फौजेतून रिटायर होऊन साताऱ्याला कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीला आहे. दरवर्षी तोच सगळं उरकायचा. तिला मी पहिल्यांदाच बघत होते.

"ताई, पोरीला कॉलेजात घालायचंय. कर्जासाठी बँक माजं रिटर्न मागती. आन् आमचं मालक ओटीपी देईनात. म्हणत्यात, लगीन करून टाकू. फीची मुदत ह्याच आठवड्यात हाय."

"ओटीपीशिवाय नाही होणार," मी सवयीनं म्हणाले.

तिचा चेहरा पडला. पर्स उचलून ती दारापर्यंत गेली, तेव्हा मला आठवलं आणि स्वतःचाच संताप आला. नवऱ्यांना फोन लावून लावून मी जुना रस्ता साफ विसरले होते. रिटर्न भरल्याची पावती छापायची, जिचं रिटर्न तिनं त्यावर सही करायची आणि कागद पोस्टानं बंगळूरच्या इन्कम टॅक्स ऑफिसला पाठवायचा. तिथं ओटीपी लागतच नाही.

तिला हाक मारून परत बसवलं. रिटर्न भरलं, पावती छापली, बँकेसाठी एक प्रत वेगळी काढली, निळं पेन पुढं केलं. रोज दवाखान्यात किती सह्या करत असेल ती, पण ही सावकाश केली. पोस्टात टाकायलाही स्वतःच गेली.

दुसऱ्या दिवशी साताऱ्याहून फोन. "म्याडम, रिटर्न भरल्याचा मेसेज आलाय. मी तर ओटीपी दिलाच न्हाई. मला न इचारता भरलं कुणी?"

एरवी मी गोडीगुलाबीनं घेतलं असतं, गिऱ्हाईक तुटायला नको म्हणून. पण गोड बोलायचंही बळ अंगात नव्हतं.

"जिचं होतं तिनं," मी म्हणाले.