वाफेपुरता करंट

रोज सकाळी चहाच्या आधी पुंजाराम बॅटरीची सहाही बुचं काढायचा. काचेच्या नळीत आतलं पाणी ओढायचा, नळीतली तरंगती कांडी कुठल्या रंगावर थांबते ते डोळे बारीक करून बघायचा. मग बुचं लावून बॅटरीवर दोन टिचक्या मारायचा आणि म्हणायचा, "जेवलीये पोटभर."

झुंबरबाईला लग्न झाल्यापासून हे पाठ होतं. हायवेवरच्या द्वारका चौकात खाली नवऱ्याचं बॅटरी चार्जिंगचं दुकान, वर दोन खोल्या. ट्रकांचा धूर दिवसभर वर चढायचा. पन्नाशीला तिच्या छातीत शिट्टी वाजू लागली. डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ घ्यायला वाफेचं मशीन दिलं आणि म्हणाले, धुरापासून लांब राहा. लांब म्हणजे कुठे, ते काही त्यांनी सांगितलं नाही. ते पुंजारामने शोधलं. भंगारातली मॅटॅडोर घेतली, आत पलंग ठोकला, शेगडी बसवली. थंडी सरली की दोघं इगतपुरीपलीकडे धरणाच्या काठी आठ-दहा दिवस जाऊन राहू लागली.

गाडीत दोन बॅटऱ्या. इंजिनाच्या बॅटरीला हात लावायचा नाही. दुसरी इन्व्हर्टरला जोडलेली, फक्त मशीनसाठी. तिच्यावर पंखा नाही, रेडिओ नाही. इंजिन चालवून ती भरता आली असती, पण मग धूर झुंबरच्याच उशाशी. म्हणून चार दिवसांनी पुंजाराम तिला झाडाखाली बसवून गाडी एकटाच दूरवर फिरवून आणायचा.

२००७ साली, पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी, पाड्यावरची भागीबाई बंद पडलेला मोबाइल घेऊन आली. पाड्यावर विजेचे खांब होते, तारा नव्हत्या. "पोरगा द्राक्षांच्या कामाला पिंपळगावला गेलाय," ती म्हणाली. "आठ दिस झाले, आवाज नाय ऐकला त्याचा."

पुंजाराम तेव्हा गळ टाकून पाण्याकाठी बसला होता. झुंबरबाईने इन्व्हर्टर चालू केला. दुसऱ्या दिवशी तिच्यासकट पाच जणी आल्या. तिने पाचही फोन शालीखाली झाकले आणि नवरा येईपर्यंत इन्व्हर्टर चालूच ठेवला.

पुढच्या सकाळी कांडी लाल रंगावर थांबली. पुंजारामने टिचक्या मारल्या नाहीत.

"म्हातारी झाली बहुतेक," तो म्हणाला. "मीच निवडली होती. आता आपला अंदाजही चालत नाही."

खरं सांगावं असं झुंबरबाईच्या ओठांवर आलं. पण उद्या भागीबाई येणार होती. तिने चहा पुढे केला.

त्याच संध्याकाळी वाफ निम्म्यावर आली आणि मशीन गप्प झालं. तिची छाती भात्यासारखी हलू लागली. पुंजाराम पाना घेऊन खाली उतरला, हात लावायचा नाही ती बॅटरी सोडवून आत आणली आणि तारा जोडल्या. मशीन पुन्हा घरघरलं. वाफ संपेपर्यंत तो तिची पावलं मांडीवर घेऊन बसला.

श्वास जागेवर आल्यावर ती म्हणाली, "अहो, बॅटरी म्हातारी नाही झाली. मी पाच जणींचे फोन लावले होते."

त्याने मशीनच्या बॅटरीवर हात ठेवला. "म्हणजे माझी निवड चुकली नव्हती तर."

"नव्हती."

"पाच फोन एवढं खात नाहीत. इन्व्हर्टर दिवसभर चालू ठेवलास ना? तो रिकामा बसला तरी खातो. आमच्या दत्तूसारखा."

दत्तू म्हणजे त्याचा धाकटा भाऊ. झुंबरबाईला हसू आलं आणि खोकलाही.

सकाळची वाफ झाल्यावर इंजिनाच्या बॅटरीतही दम उरला नाही. तेव्हा पाचही जणींनी मॅटॅडोर उतारावर ढकलली. "जोर लावा गं," भागीबाई ओरडत होती, "फोन काय फुकट भरलेत?" झुंबरबाई वाऱ्याच्या वरच्या बाजूला, नाकाला पदर लावून उभी होती. इंजिन धडधडलं तेव्हा तिला पहिल्यांदाच धूर बघून बरं वाटलं.

पुढच्या वर्षी पुंजारामने जास्तीची एक बॅटरी आणि पाच खाचांचा बोर्ड नेला. सकाळी तासभर फोन, मग इन्व्हर्टर बंद.

२००९ च्या फेब्रुवारीत, निघायच्या आदल्या दिवशी, दुपारी दुकानातल्या खुर्चीत बसल्या बसल्याच तो गेला. त्या सकाळी झुंबरबाई पिशव्या भरत होती. त्याने बॅटरीवर दोन टिचक्या मारल्या, चहा घेतला आणि खाली उतरताना म्हणाला,

"भागीबाईच्या फोनला बारीक पिनचा चार्जर लागतो. तो पिशवीत वरच ठेव, म्हणजे सापडेल."